धाकूचा आवाज फाटत नाही

रविवार, ५ जानेवारी

सापडला! आवाज सापडला!

हात अजून झिणझिणतायत, त्यामुळे अक्षर असंच येणार. वर्षभर आम्ही तिघं — मी, विनीत, रचना — ज्या आवाजामागे लागलेलो तो बाबांच्या गोदामात ताडपत्रीखाली पडलेला होता! आणि मी याच गोदामात लहानाची मोठी झालेली. डोकं आपटून घ्यावंसं वाटतंय.

झालं असं की माझा अॅम्प आज परत मेला. विनीत वर्तकनगरहून ड्रम टेम्पोत टाकून आलेला, रचना डोंबिवलीहून बास खांद्याला लावून. प्रॅक्टिस रद्द म्हटलं असतं तर दोघांनी मला खाडीत बुडवलं असतं. म्हणून मी ताडपत्री ओढली. खाली बाबांचं जुनं मशीन. लाउडस्पीकरच्या धंद्यात अॅम्प्लिफायरला मशीनच म्हणतात. व्हॉल्व्हचं आहे, दोघांनी धरल्याशिवाय हलत नाही. शेजारी लाकडी खोका, आत एकच मोठा स्पीकर, आणि त्या स्पीकरचा कागद फाटलेला. मधल्या टोपीपासून कडेपर्यंत लांब चीर.

म्हटलं, लावून तर बघू. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. तेवढ्यात रचना म्हणते, "शॉक लागून मरशील, मग तुझ्या क्लासच्या पोरांना गणित मी शिकवू?" मी एक कॉर्ड मारली.

आई गं!

पत्र्यावर कुणी ओली रेती ओततंय असा आवाज. खरखरीत, जाड, उद्धट! जुन्या गॅरेज रॉकच्या रेकॉर्डवर असतो ना, अगदी तोच. साठ-पासष्ट सालातली अमेरिकेतली ती पोरं — बापाची गाडी गॅरेजमधून बाहेर काढायची, आत फडतूस सामान लावायचं, तीन कॉर्ड, आवाज फुल. बस. आज लोक तो आवाज लॅपटॉपवर बटण दाबून काढतात. आमच्याकडे खराखुरा फाटका कागद आहे! मी माईकपण त्याच मशीनला लावला आणि गायले. गिटार आणि माझा गळा, दोन्ही एकाच चिरेतून बाहेर. विनीतनं काड्या फेकल्या आणि नाचत सुटला.

घरी बाबांना विचारलं, तो खोक्यातला स्पीकर कशानं फाटला? टीव्हीवरची नजर काढली नाही.

"उंदरानं खाल्ला."

थँक्यू, उंदीरमामा!

गुरुवार, ९ जानेवारी

आज राडा.

गाणं अर्ध्यात होतं. "लिफ्ट बंद आहे", आमचं सगळ्यात जोरदार. बाबा दारातून धावत आत. एक हात वर, चेहरा असा की कुणाला शॉकच लागला. "बंद कर! बंद कर! फाटतोय, आवाज फाटतोय!" आणि सरळ मशीनचं बटण फिरवून खाली! चालू गाण्यात!

मी भडकले. भडकणारच. पण इथं लिहिते, नाहीतर उद्या मलाच पटणार नाही की त्यांची बाजू मला कळते. त्यांच्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही. वराती, हळदी, गणपती, नेत्यांच्या सभा — कल्याणच्या खाडीकाठी "मालू साउंड सर्विस" म्हणजे बाबा. मालू म्हणजे आमची आई. धंद्याला बायकोचं नाव दिलं म्हणून भाऊबंद हसायचे, बाबांनी ढुंकून बघितलं नाही. दुसऱ्याच्या मांडवात आवाज खरखरायला लागला की माणूस बाबांना बोलवायला यायचा. टेम्पोच्या पाठीवर रंगारी लिहून गेलाय — धाकूचा आवाज फाटत नाही. धाकू म्हणजे बाबा. अजून पुसलेलं नाही ते.

मी म्हटलं, "बाबा, हे गॅरेज रॉक आहे. असंच असतं."

"गॅरेजवाले बरे. ते दुरुस्त तरी करतात!"

विनीतला हसू आवरेना. त्याचं हसणं बघून बाबा अजून तापले. "फाटका आवाज हाय तुमचा! फाटका!" आणि गेले.

मग रचना हळूच म्हणाली, "हेच."

"काय हेच?"

"बँडचं नाव."

वर्षभर नावावरून भांडतोय आम्ही! एका मिनिटात ठरलं. फाटका आवाज. जमलं!

रविवार, १२ जानेवारी

रचनानं मोठ्या ड्रमच्या कातडीवर नाव रंगवलं. लाल अक्षरं, ट्रकच्या मागे असतात तशी, फ चं पोट फुगलेलं. कसलं भारी दिसतंय!

संध्याकाळी बाबा गोदामात मापाची पट्टी शोधायला गेलेले. जेवायला बसले. भाकरी अर्धी टाकली. आईनं माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे.

त्यांना वाटतंय मी त्यांची टिंगल करतेय. कसं सांगू यांना?

रविवार, १९ जानेवारी

भंगारवाला आलेला. धंदा कधीच बसलाय. आता हळदीला डीजे लागतो, ट्रकभर स्पीकरचे डबे. मालू साउंडचे भोंगे कोण बोलावणार? बाबांनी भोंगे दिले. स्टँड दिले. वायरींची भेंडोळी दिली. पिवळ्या पडलेल्या बल्बच्या माळासुद्धा. मी तिथंच उभी होते. म्हटलं आता खोका आणि मशीन जाणार, आणि बोलायचं कुठल्या तोंडानं? गेले दहा दिवस आमच्यात "मीठ दे"च्या पलीकडे बोलणं नाही.

भंगारवाल्यानं खोक्याला हात लावला. "यह तो फटेला है, चाचा."

"राहू दे तो," बाबा म्हणाले.

"लेके जाता है ना—"

"राहू दे बोललो ना!"

सुटलो! फाटलेल्याला भाव येणार नाही म्हणूनच ठेवला असणार. पण सुटलो!

शुक्रवार, २४ जानेवारी

आई आज प्रॅक्टिसला दारात येऊन उभी राहिली. हाताला मासळीचा वास, पदराला पुसत. खोक्याकडे बघत म्हणाली, "हा बोलतो अजून?"

"बोलतो? बोंबलतो!"

हसली. जरा वेगळीच हसली. मग म्हणे, कोलंबी वाहून जाईल नळाखाली, आणि गेली.

रविवार, २ फेब्रुवारी

आज जे झालं ते मी म्हातारी झाल्यावरपण सांगत बसणार आहे.

विनीतच्या सोसायटीत, वर्तकनगरला, हळदीकुंकू. दरवर्षी कुणीतरी भावगीतं म्हणतं. यंदा गाणारी बाई आजारी पडली. विनीतच्या आईनं काय विचार केला देव जाणे, सेक्रेटरी चांगदेवकाकांना म्हणाली, माझ्या मुलाचा बँड आहे ना. काका म्हणाले, गाणी मराठी आहेत ना? आहेत. सभ्य आहेत ना? आहेत! मग चालेल.

गच्चीवर सतरंज्या, तिळगूळ, वाणाचे स्टीलचे डबे, पैठण्या. आणि कडेला आम्ही, मशीन, फाटका खोका. मशीन आणि खोका गच्चीपर्यंत जिन्यावरून चढवला, कारण त्यांची लिफ्ट दिवाळीपासून बंद. हे मला तिथं गेल्यावर कळलं. देवाशप्पथ!

पहिल्या दोन गाण्यांना बायका डबे सांभाळत बसलेल्या. एकीनं कानात कापूस घातला, मी बघितलं. मग आम्ही "लिफ्ट बंद आहे" सुरू केलं.

लिफ्ट बंद आहे — जिना चढ!
सेक्रेटरी घरात नाही — जिना चढ!

पहिल्या "जिना चढ"ला कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्याला मागच्या रांगेतल्या चारजणी ओरडल्या. तिसऱ्याला अख्खी गच्ची! पैठण्या उभ्या राहिल्या! गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी खुर्चीत बसून वाणाचा डबा चमच्यानं बडवत होत्या, आणि ठेक्यात, विनीतपेक्षा बऱ्या! चांगदेवकाका लाल. "हे तुम्ही मुद्दाम केलंत!" नाही हो काका, गाणं जुनं आहे, लिफ्ट तुमची आहे.

तीन वेळा म्हणायला लावलं. तीन!

त्या कापूसवाल्या बाई शेवटी जवळ आल्या. कापूस काढला होता. म्हणाल्या, "तुझा आवाज असा फाटल्यासारखा आहे ना, त्यामुळे अगदी मनातलं वाटतं गं."

शाळेत समूहगीताच्या बाई मला म्हणायच्या, हेमाली, तू नुसते ओठ हलव. आज त्या गच्चीवर हव्या होत्या.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

गच्चीचा व्हिडिओ फिरतोय. क्लासमध्ये दहावीच्या पोरांनी फळ्यावर "जिना चढ" लिहून ठेवलेलं. एक शहाणा म्हणतो, "मिस, तुम्ही आम्हाला ओरडता तशाच गाता." त्याला वर्गमूळं दिली करायला, डझनभर. पण तोंड वळवून हसले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

स्वानंदचा फोन. स्वानंद म्हणजे तो माजिवड्याचा. बंद पडलेल्या कारखान्याची शेड घेतलीय त्यानं, तिथं आपल्यासारख्या बँडचे कार्यक्रम लावतो. तिथं वाजवायला मिळावं म्हणून लोक महिनोन्महिने त्याच्या मागे असतात. आणि त्यानं आम्हाला केला! रविवार, २३ तारीख.

आणि नुसता कार्यक्रम नाही. तो अख्खा कार्यक्रम रेकॉर्ड करणार आणि तीच आमची पहिली रेकॉर्ड. आमच्या नियमानं — एकदाच वाजवायचं, काहीही कापायचं नाही, जोडायचं नाही, नंतर पावडर लावायची नाही. जुनी पोरं तशीच करायची. त्या संध्याकाळी जे होईल ते कायमचं.

स्वानंद म्हणाला, "गिटारचा तो आवाज जरा साफ करू या का? थोडासाच."

मी म्हटलं, "आमचं नाव परत वाच."

हसला. ठरलं!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

घसा बसलाय. आई आल्याचा काढा पाजतेय आणि बडबडतेय. विनीतनं आज काडीनं कातडी फोडली, नशीब नावाच्या बाजूची नाही. खोका मात्र मस्त. मी आता त्याच्यावर ताडपत्री नाही टाकत, आईची जुनी शाल टाकते. रचना म्हणते, लग्न लाव एकदाचं त्याच्याशी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बाबा येणार! स्वतःहून!

सकाळी दाढी करता करता आरशातून म्हणाले, "रविवारी सामान न्यायला टेम्पो सांगितलास का?"

"बघतेय अजून."

"आपला टेम्पो काय मेला? मी आणीन."

बोलले असते तर रडले असते. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि उगाच उभी राहिले.

त्यांनी आमचं एक गाणं धड ऐकलेलं नाही. रविवारी ऐकतील. मला ना, गर्दी, रेकॉर्ड, स्वानंद, सगळं हवंय. पण सगळ्यात जास्त हे हवंय — त्यांनी तिथं उभं राहून तो आवाज ऐकावा आणि म्हणावं, हां, हा बरोबर आहे. एवढंच. एकदा.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बाबा दिवसभर गोदामात. म्हणे सामान पुसतोय, तुम्ही आत येऊ नका, धूळ उडेल. दुपारचं जेवण आईनं तिकडेच नेऊन दिलं. संध्याकाळी हात काळे करून आले आणि गडी खूश! शीळ वाजवत होते. मी कधी ऐकलेली नाही त्यांची शीळ.

मी जगातली सगळ्यात लाडकी पोरगी आहे. झोपते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

क्लासला दांडी. घसा गेलाय, बोटांना फोड आलेत. नीट क्रमानं लिहिते.

काल दुपारी शेडमध्ये सामान लावलं. बाबा स्वच्छ पांढऱ्या शर्टात. मशीन लखलखीत, खोक्याला पॉलिश! मी गिटार लावली, कॉर्ड मारली —

गोड. भजनाला पेटी धरावी तसा गोड, गुळगुळीत, शहाणा आवाज!

मला वाटलं वायर चुकली. परत मारली. तेच. बटण फुल केलं. नुसता मोठा झाला, फाटला नाही. खोक्याची जाळी काढली. स्पीकरचा कागद काळाभोर, अखंड. चीर नाहीच! पातळ कागद लावून, गोंदानं सांधून, वरून रंग देऊन अशी मुजवलेली की हात फिरवला तरी कळू नये.

मागे वळले तर बाबा. हसत होते. शाबासकीची वाट बघत होते.

आणि मी तोंड सोडलं. सगळ्यांसमोर. स्वानंद होता, त्याची दोन माणसं होती, रचना-विनीत होते. "तुम्हाला कुणी सांगितलेलं हात लावायला? त्या एका चिरेवर आमचं सगळं उभं आहे! एकदाच वाजवायचंय, परत नाही! तुम्हाला आमच्यातलं काही कळतं का?"

ते गडबडले. "चारचौघांत तुजी लाज जाईल म्हणून... फाटक्या आवाजाची माझी पोर उभी राहनार लोकांपुढं?"

"तुमच्यापेक्षा तो उंदीर बरा!"

हे मी बोलले. बापाला. लिहितानाही कान गरम होतायत.

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. एकदा खोक्याकडे बघितलं, आणि बाहेर जाऊन टेम्पोत बसले.

स्वानंद म्हणाला, टेन्शन घेऊ नको, मी लॅपटॉपमधून देतो तो आवाज, कुणाच्या बापाला कळणार नाही. कुणाच्या बापाला! मी म्हटलं, नको. लोक यायला लागलेले. गच्चीवरच्या पाच-सहाजणी वर्तकनगरहून रिक्षा करून आलेल्या, त्या आजीसकट! माझ्या क्लासची पोरं. कुणीकुणी टी-शर्टावर मार्करनं "फाटका आवाज" लिहून आलेले. आणि आमच्याकडे भजनाची पेटी.

रचनानं पर्समधून भुवयांचं ब्लेड काढून दिलं. "काप."

मी खोक्यासमोर बसले. ब्लेड कागदाला टेकवलं. आणि हात पुढे जाईना. त्यांनी अख्खा दिवस गोदामात बसून सांधलेलं, शीळ घालत. नाही जमलं मला. आवाजपण हवा आणि बाबापण हवेत, आणि दोन्ही एका ब्लेडवर. बसल्या जागी रडायला लागले.

तेवढ्यात पांढरा शर्ट दिसला. विनीत त्यांना घेऊन आलेला. नंतर विनीतनं सांगितलं, तो टेम्पोपाशी गेला आणि म्हणाला, काका, हे सगळे लोक तो फाटलेला आवाज ऐकायलाच आलेत. तर बाबा म्हणाले, "तिकीट काढून?" मग म्हणे एवढंच विचारलं — "पोरीला खरंच तोच आवाज पायजे?" हो काका, तोच. "मंग पयलंच सांगायचं ना."

ते माझ्या शेजारी उकिडवे बसले. "आन इकडं. भलतीकडं कापशील न् कागद मरंल."

ब्लेड घेतलं. शोधलं नाही, चाचपलं नाही. रंगाखाली काही दिसत नव्हतं, तरी टोक नेमकं तिथंच ठेवलं आणि टोपीपासून कडेपर्यंत एका दमात ओढलं. चर्रर्र! ब्लेड पुसून रचनाला परत दिलं, थँक्यू म्हणाले.

मग उठले आणि सवयीनं माईक हातात घेतला. लोक भरलेले, स्वानंदचं रेकॉर्डिंग चालू झालेलं, कुणाला थांबवायचं सुचलं नाही. बाबांनी माईकवर फुंकर मारली. फू, फू. "हॅलो. हॅलो." खरखरला! मग मशीनचं बटण एकदम फुल, मान वर, आणि छाती फाडून —

"हेमाली! हेमाली! हेमाऽऽली!"

पत्रे थरथरले. मी खालीच बसलेली त्यांच्या पायाशी, मला कळेना हे कशाला हाक मारतायत. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, कोण हेमाली?"

लोक हसले. बाबांनी बोट खाली माझ्याकडे दाखवलं. मी उठले, डोळे पुसले, हात वर केला — "मी!" — आणि कॉर्ड मारली.

अरे काय आवाज होता तो! आधीसारखा नाही. आधीपेक्षा रागीट, ताजा, नव्यानं फाटलेला. आम्ही जे वाजवलं ते मला आठवतसुद्धा नाही धड. "जिना चढ"ला शेड नाचत होती, आजी खुर्चीवर उभ्या राहायला निघाल्या तेव्हा दोघींनी धरलं. विनीतनं आयुष्यात वाजवलं नसेल तसं वाजवलं. रचना, जी कधी हसत नाही स्टेजवर, ती दात काढून! आणि बाबा मांडवात उभे राहायचे तसे — आमच्याकडे पाठ, खोक्याकडे कान, एक हात कमरेवर. पूर्ण वेळ. एकदाही बटणाला हात लावला नाही.

शेवटचं गाणं संपल्यावर वळले. स्वानंद तोंड भरून काहीतरी सांगत होता त्यांना, त्यांनी ऐकलं नाही. माझ्यासमोर आले.

"हां," म्हणाले. "बरोबर हाय."

मग वायरी गुंडाळायला लागले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी माफी मागायला गेले. "बाबा, ते उंदराचं—"

"चहा निवतोय, बाय," म्हणाले, आणि मिशीत हसले.

रविवार, ९ मार्च

रेकॉर्डिंग आलं. स्वानंदनं विचारलेलं, सुरुवातीची ती हाकाहाक कापू? तिघंही एकदम ओरडलो — काही कापायचं नाही!

म्हणजे आमच्या पहिल्या रेकॉर्डवर पहिला आवाज बाबांचा आहे. फू, फू, हॅलो, आणि माझं नाव. मग तो माणूस "कोण हेमाली?", मग मी, मग गिटार. गोदामात आम्ही तिघांनी ऐकलं, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. विनीत म्हणाला, "ही आपली रेकॉर्ड आहे. आपण केली ही." परत परत तेच म्हणत होता येडा. मी गिटारीच्या पेटीवर पडून छताकडे बघत होते. छाती अशी फुगलेली की श्वास घ्यायला जागा नाही.

आईला उद्या ऐकवणार. रविवारचा मासळीचा बाजार होता तिचा आज.

सोमवार, १० मार्च

आईला ऐकवलं. पहिल्याच "हेमाली!"ला तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसतेय.

"असाच बोंबललेला," म्हणाली. "तुज्या बारशाला. तुजी आत्या बोलली, पोरीच्या बारशाला भोंगा कोन लावतं? तर तुज्या बाबसानं हा खोका खाडीकडं तोंड करून ठेवला, मशीन फुल केलं, न् तुजं नाव घेत सुटला. कागद फाटला तवा थांबला."

"बाबा तर म्हणाले उंदीर—"

"उंदीर कसला गो! धाकूचा आवाज येकदाच फाटला. इतकी वरसं नाय सांधला, मी बोलले तरी नाय. राहू दे, बोलायचा. तो परवा तुज्यासाठी सांधला."

बारशाच्या दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडच्या कोनगावातून माणसं होडीनं आली म्हणे, विचारायला — कोण हेमाली?